घरी बनवलेल्या कॅम्परला खासगी कारची पॅकेज पॉलिसी: कुठे पुरते, कुठे तोकडी पडते

ईको किंवा ट्रॅव्हलरसारख्या व्हॅनमध्ये बेड, ओटा, दिवे बसवून फिरणाऱ्याच्या हाती शेवटी खासगी कारचीच पॅकेज पॉलिसी (दुसऱ्याचं आणि स्वतःच्या गाडीचं, दोन्ही नुकसान धरणारा विमा) येते. पॉलिसी चांगली आहे, पण ती आरसीवर लिहिलेल्या गाडीची असते. आत तुम्ही काय उभं केलंय ते विमा कंपनीला लेखी कळवलं नसेल, तर क्लेमच्या वेळी वाद ठरलेला.

थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्याला झालेल्या इजा-नुकसानीच्या भागाबद्दल तक्रार नाही. ईकोचं इंजिन ११९७ सीसीचं, त्यामुळे जून २०२२ च्या दराने वर्षाला ३,४१६ रुपये अधिक जीएसटी. मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांपर्यंत संरक्षण मिळतं.

खरी अडचण आयडीव्हीची, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण बाद झाली तर भरपाईसाठी धरल्या जाणाऱ्या किमतीची. ती गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या मूळ किमतीतून घसारा वजा करून निघते: दुसऱ्या वर्षी २० टक्के, तिसऱ्या वर्षी ३०, पाचव्या वर्षी ५०. तुमच्या दोन लाखांच्या प्लायवुडला आणि गाद्यांना त्या हिशेबात जागाच नाही. पाच वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही मात्र दोघांच्या संमतीने ठरते. जुनी गाडी घेऊन कॅम्पर करणाऱ्यांनी इथेच बिलं आणि फोटो पुढे ठेवून घासाघीस करावी.

पॉलिसीच्या पहिल्या पानावरचा आयडीव्हीचा तक्ता नीट पाहा. वाहन, नॉन-इलेक्ट्रिकल अॅक्सेसरीज, इलेक्ट्रिकल अॅक्सेसरीज, सीएनजी किट, बेरीज असे रकाने असतात. बॅटरी, इन्व्हर्टर, सोलर पॅनेल, फ्रिज तिसऱ्या रकान्यात जायला हवेत. जुन्या मोटार टॅरिफमधला ४ टक्क्यांचा दर धरला तर ८०,००० रुपयांच्या सामानाला ३,२०० रुपये आणि वर जीएसटी. एवढे पैसे जरूर मोजा. रकान्यात शून्य असेल तर त्या सामानाची भरपाई मागायला हातात काहीच राहत नाही. रक्कम लिहिली असली तरी बॅटरीवर ५० टक्के घसारा कापला जातो, हेही लक्षात असू द्या.

आता बांधकाम. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. छप्पर कापून उंच करणं किंवा सीट कायमची काढून आसनक्षमता बदलणं यात सरळ अडकतं. म्हणून मागच्या सीटच्या उंचीला येणारी सुटी फळी, पट्ट्याने बांधलेली पेटी, उचलून बाहेर काढता येणारा ओटा हाच आमचा सल्ला. हे सामान मोटार पॉलिसीत येत नाही, पण क्लेमही अडवत नाही. कायमचं घरच हवं असेल, तर मोटर कॅरॅव्हॅनसाठीच्या एआयएस-१२४ मानकाप्रमाणे मान्यता असलेल्या बांधणीची गाडी बघा. महाग पडेल, पण कागद आणि गाडी जुळतील.

आग आणि स्वयंज्वलन पॉलिसीत येतं. पण नुकसान तपासायला येणारा सर्व्हेअर आधी वायरिंग बघतो. बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतरात फ्यूज नसेल, तर वायर पत्र्यावर घासून शॉर्ट झाल्यावर करंट तोडणारं काहीच उरत नाही. पत्र्यातून वायर नेताना भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट (वायर घासू न देणारं कडं) घाला, फ्यूज वायरच्या क्षमतेपेक्षा मोठा लावू नका, आणि काम झाकण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो काढून ठेवा. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर गाडीत ठेवूच नका.

गाडी भाड्याने देणार असाल तर ही पॉलिसी घेऊ नका. भाडं घेऊन वापर हा तिच्या अटींबाहेरचा आहे. २०१० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने असा दावा ‘नॉन-स्टँडर्ड’ (अट मोडलेला, पण पूर्ण न फेटाळण्याजोगा) धरून अंशतः मान्य केला होता, पण त्या भरवशावर गोव्यातल्या पाहुण्याच्या हाती किल्ली देणं शहाणपणाचं नाही.

नूतनीकरण ऑनलाइन करताना, विशेषतः कंपनी बदलताना, अॅक्सेसरीजचा रकाना रिकामाच पुढे सरकतो. आकडा दरवर्षी हाताने भरा. मुदत चुकवू नका. खंड पडला की पुन्हा तपासणी होते, आणि ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूटही जाते.