मेनफ्रेमच्या एफटीपी जॉबमध्ये आयपी टाकायचा, होस्ट टेबल ठेवायचं का डीएनएसवर सोडायचं?

यवतमाळ-वाशिमकडचे बरेच पोट्टे आता गावातूनच मेनफ्रेम सपोर्टचं काम करून राहिले, आणि नवीन पार्टनरला, म्हणजे दुसऱ्या कंपनीला, एफटीपीनं फाइल पाठवायची म्हटलं का पहिला प्रश्न हाच येते. झेड/ओएसपुरतं, म्हणजे आयबीएम मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमपुरतं सांगतो. डीएनएस म्हणजे नाव दिलं का त्याचा आयपी पत्ता सांगणारा नेटवर्कवरचा सर्व्हर, होस्ट टेबल म्हणजे तीच नाव-पत्त्याची यादी आपल्याच मशीनवर.

आयपी सरळ जेसीएलमध्ये (जॉबची स्क्रिप्ट) टाकणं सोपं आहे हे खरं. रात्री डीएनएस पडलं तरी जॉब चालते. पण तोच आयपी कॉपी होत होत किती मेंबरमध्ये, म्हणजे जेसीएलच्या फाइलीत, जाते त्याचा पत्ता राहत नाही, अन् समोरच्यानं सर्व्हर हलवला का सगळे शोधा, प्रत्येकाचं अप्रूव्हल घ्या, आणि त्यातला एखादा फक्त मार्चएंडला चालणारा असला तर तो नेमका मार्चएंडलाच पडते. टीएलएस (एनक्रिप्टेड कनेक्शन) असेल आणि एफटीपी.डेटा या सेटिंगच्या फाइलीमध्ये सिक्युअर_होस्टनेम रिक्वायर्ड केलं असेल तर सर्टिफिकेटमधलं नाव जुळावं लागते, तिथं नुसता आयपी सहसा अडकतेच. टेस्टिंगपुरतं ठीक, प्रॉडक्शनमध्ये नकाच करू.

लोकल टेबलमध्ये दोन प्रकार. होस्ट्स.लोकल जुना: बदल केला का टेबल नव्यानं बनवणारी मेकसाइट कमांड चालवा, नाव २४ अक्षरांपर्यंतच, आयपीव्ही६ नाही. नव्यानं करत असाल तर आयपीनोड्स घ्या, मेकसाइटची झंझट नाही आणि आयपीव्ही४, आयपीव्ही६ दोन्ही चालते. फक्त रिझॉल्व्हरच्या (नावावरून पत्ता शोधणारा झेड/ओएसचा भाग) सेटअपमध्ये कॉमनसर्च टाका, नाहीतर टीएसओवाले, म्हणजे मेनफ्रेमच्या नेहमीच्या बाजूचे, एका फाइलीत पाहतात अन् यूनिक्सवाले दुसरीत, मग एकीकडं नाव सापडते, दुसरीकडं अननोन होस्ट, आणि रात्रभर फोन चालू.

डीएनएसमध्ये पत्ता एकाच जागी बदलते, तुमच्या जॉबला हात लावायचं कामच नाही. झेड/ओएसच्या व्ही१आर११ आवृत्तीपासून रिझॉल्व्हर उत्तरं कॅशमध्ये ठेवते, म्हणून तिकडं बदल झाला तरी टीटीएल (उत्तर कॅशमध्ये ठेवायची मुदत) संपेपर्यंत जुनाच पत्ता येऊ शकते, घाई असली तर मॉडिफाय रिझॉल्व्हर,फ्लश,ऑल द्यायला सांगा. नेमसर्व्हर बंद असला तर मात्र टाइमआउट होईपर्यंत जॉब ताटकळते.

माझं मत स्पष्ट आहे: जॉबमध्ये नेहमी नावच टाका, डीएनएस वापरा, आणि ज्या पार्टनरचं नाव तुमच्या डीएनएसमध्ये येऊच शकत नाही, म्हणजे व्हीपीएन टनेलमागचे, तेवढेच आयपीनोड्समध्ये ठेवा. रिझॉल्व्हरच्या टीसीपीआयपी.डेटा या सेटिंगच्या फाइलीमधला लुकअप, म्हणजे शोधायचा क्रम, मुळात डीएनएस लोकल असतेच, म्हणजे आधी डीएनएस. तो उलटा करू नका, केला तर टेबलातली विसरलेली जुनी ओळ डीएनएसच्या नव्या पत्त्यावर भारी पडते.

एफटीपीऐवजी कनेक्ट डायरेक्ट हे फाइल पाठवायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, तिथलं नोडनेम आणि होस्टनेम या वेगळ्या गोष्टी आहेत. नोडनेम १६ अक्षरांपर्यंत, ते नेटमॅपमध्ये (त्याची पार्टनरांची यादी), त्याच्या बाजूला पोर्ट, बहुतेक ठिकाणी १३६४, आणि पत्ता.

चालू जॉब आयपीवरून नावावर नेत असाल तर नेटआरसी, म्हणजे लॉगिन-पासवर्डची फाइल, आधी उघडा. त्यात मशीन या शब्दापुढं अजून आयपीच असला तर नाव जुळत नाही, लॉगिन सापडत नाही आणि बॅचमध्ये पासवर्ड टाकायला कोणी बसलेलं नसते. एसएफटीपीत हेच नोन_होस्ट्स या ओळखीच्या सर्व्हरांच्या फाइलीचं, तिथं नव्या नावानं सर्व्हरची की (ओळखीची किल्ली) टाकून ठेवा. तरी नावाचा पत्ता सापडला नाही तर जॉबच्या स्टेपमध्ये सिसटीसीपीटी नावाची डीडी ओळ देऊन रिझॉल्व्हर ट्रेस काढा, कोणती टीसीपीआयपी.डेटा वाचली आणि कोणत्या नेमसर्व्हरला विचारलं ते त्यात स्वच्छ दिसते. तेवढं घेऊनच नेटवर्कवाल्यांकडं जा.