जैसलमेरला स्वस्तात खोली मिळतेय? पैसे भरण्याआधी हे वाचा

जैसलमेरमध्ये काही हॉटेलांत खोली ज्या भावात मिळते, तो तिचा खरा भाव नसतो. ऐन डिसेंबरच्या गर्दीत, गच्चीवरून सोनार किल्ला दिसणारी स्वच्छ खोली आठशे रुपयांत दिसली, तर उरलेले पैसे वाळवंटाच्या सहलीतून काढायचं आधीच ठरलेलं असतं. आमच्याकडून ते कसे काढले गेले ते सविस्तर लिहितेय. ही पद्धत तिथे रुळलेली आहे आणि येत्या सुट्टीत आपल्याकडची कितीतरी कुटुंबं तिकडे निघतील.

आम्ही सोलापूरचे. मी, नवरा, मुलगी आणि माझे आई-बाबा. खोल्या ऑनलाइन बुक केल्या होत्या, पैसेही भरले होते. सामान खोलीत ठेवायच्या आधीच मालकाने चहा मागवला आणि वही उघडली. ‘सफारी कौनसी लेंगे?’ बघून सांगतो म्हटल्यावर त्याचा सूरच बदलला. हा दर सफारी घेणाऱ्यांसाठी आहे, नाहीतर खोली तीन हजारांना, आणि उद्यापासून ती दुसऱ्या कुणाच्या नावावर आहे. बुकिंगच्या कागदावर असं एक अक्षर नव्हतं. पण आई प्रवासाने थकली होती, गावात सगळीकडे ‘फुल’च्या पाट्या होत्या, आणि हे त्याला आमच्याइतकंच ठाऊक होतं.

मग काय मिळणार ते आम्ही एकेक करून व्हॉट्सॲपवर लिहून घेतलं: सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांना लागून तंबू, प्रत्येकाला तासभर उंट, टेकडीवरून सूर्यास्त, मांगणियार गायकांचं गाणं, कालबेलिया नाच, जेवण, गरम पाणी. पाच जणांचे सतरा हजार. अर्धे आगाऊ, क्यूआर कोडवर. पैसे गेले ते हॉटेलच्या नावावर नाही, भलत्याच माणसाच्या खात्यात. विचारलं तर म्हणाला, ‘भाई का खाता है.’ पावती मागितली, तर ‘शाम को देता हूँ.’ ती संध्याकाळ अजून उजाडलेली नाही.

सम हे गाव जैसलमेर शहराच्या पश्चिमेला साधारण चाळीस किलोमीटर. त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना तंबूंच्या वसाहतीच वसाहती आहेत, आणि खरी मेख इथेच आहे. त्या रस्त्याला वाळूच्या उंच टेकड्या आहेत त्या समजवळच्या एका पट्ट्यात. बाकी सगळा प्रदेश खडे, मुरूम आणि झुडपांचा सपाट माळ. आमची जीप सम यायच्या बरीच आधी आत वळली आणि तसल्याच माळावर थांबली. टेकडी कुठे म्हटल्यावर व्यवस्थापकाने दूरवर बोट केलं: ‘वो रही. जीप से जाना पड़ेगा, पच्चीस सौ अलग.’ त्याला व्हॉट्सॲपवरचा मजकूर दाखवला. त्यावर उत्तर आलं की तो हॉटेलवाला वेगळा, आम्ही वेगळे. फोन लावला तर हॉटेलवाला म्हणतो, कॅम्पवाल्याशी बोला. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि सूर्य काही कुणासाठी थांबत नाही. शेवटी जीपचे पैसे देऊनच टेकडी गाठली.

तासाभराचा उंट पंधरा मिनिटांत परत फिरला. उंटवाला विशीतला मुलगा होता. मुलीला उतरवताना त्याने माझ्या नवऱ्याला हळूच विचारलं, तुमच्याकडून किती घेतले? आकडा ऐकून तो काही बोलला नाही, उंटाच्या नाकातल्या वेसणीची दोरी बोटाभोवती गुंडाळत राहिला. त्याला एका फेरीचे दीडशे मिळत होते, तेही महिनाअखेरीला. म्हणून तो फेरी आटपून पुढच्या गिऱ्हाइकाकडे धावतो, आणि आपण राग काढतो तो त्याच्यावर.

रात्री नाचगाण्याच्या नावाखाली मोठ्या स्पीकरवर सिनेमाची गाणी लागली. एका कडेला सत्तरीचे एक मांगणियार बाबा कमायचा हे तंतुवाद्य मांडीवर घेऊन बसले होते. हे लोक पिढ्यान् पिढ्या आपल्या यजमानांच्या घरी लग्नकार्यात, बारशाला गात आले आहेत, आणि त्यांच्या कमायचा-खडतालाने परदेशातले रंगमंच गाजवले आहेत. त्यांच्या वाट्याला दहा मिनिटं आली आणि तेवढ्यातही कुणी स्पीकर बंद करायला तयार नव्हतं. सतरा हजारांत मला सगळ्यात जास्त झोंबलं ते हे. आमचे पैसे गेले ते गेले, पण ज्यांच्या नावावर ते उकळले त्यांच्याही हातात पडले नाहीत.

गरम पाणी, गाद्या, जेवण यांवर लिहीत नाही. समजून घ्या.

आता माळढोकाचं. आमच्या सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक अभयारण्य झालं ते 1979 साली. बाबांनी तरुणपणी तिथे हा पक्षी पाहिलेला. आता तिथे त्याचं दर्शन जवळजवळ संपलंय. म्हणून जैसलमेरला यायचं त्यांचं खरं कारण किल्ला नव्हतं, हा पक्षी होता. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात, तो त्यांचा राज्यपक्षी. देशात रानात उरलेल्या दीडशेच्या आतल्या पक्ष्यांपैकी बहुतेक याच भागात, डेझर्ट नॅशनल पार्कच्या परिसरात आहेत. बाबा जेवताना हे कुणाशीतरी बोलले. सकाळी सहाला एक माणूस तंबूबाहेर हजर. ‘बाबूजी, गोडावण पक्का दिखाऊंगा. फॉरेस्ट में पहचान है. चार हज़ार.’ नाही दिसला तर पैसे परत, हेही वर.

त्याने जीप नेली ती डांबरी रस्त्याला समांतर, कुंपणाच्या बाहेरून. वनखात्याचं फाटक लागलं नाही, परवाना नाही, पावती नाही. अर्ध्या तासाने गाडी थांबवून त्याने लांब माळावरचा एक मोठा पक्षी दाखवला आणि फोटो काढा म्हणाला. बाबांनी दुर्बीण लावली. माळढोक मीटरभर उंच असतो, लांब फिकट मान ताठ धरून चालतो, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखी दिसते. समोरचा पक्षी मान आखडून, खांदे पाडून बसला होता आणि शेजारी मेलेल्या जनावराचा सापळा होता. बाबा एवढंच म्हणाले, ‘गिधाड आहे हे.’ त्या माणसाचं म्हणणं पडलं की ही मादी आहे, मादी अशीच दिसते. पैसे परत मिळाले नाहीत.

माळढोक बघायचा असेल तर वनखात्याचा रीतसर परवाना घेऊन डेझर्ट नॅशनल पार्कमधल्या सुदासरीच्या भागात जा, तिथल्या वनरक्षकाला विचारा, आणि दिसला नाही तर दिसला नाही. जो ‘पक्का दाखवतो’ म्हणतो तो एकतर खोटं बोलतोय, नाहीतर पक्ष्याच्या अंगावर गाडी घालणार आहे. अंडं उबवणारी मादी अशा गाड्यांनी उठते. वर्षाला एखादंच अंडं देणाऱ्या पक्ष्याचं त्याने काय होत असेल, याचा विचार करवत नाही. माळढोकाच्या प्रजनन केंद्रात ओळख आहे म्हणणाऱ्यालाही वाटेला लावा. ते केंद्र पर्यटनस्थळ नव्हे.

शहरातली फसवणूक त्या मानाने किरकोळ, पण रोजची. किल्ल्याच्या अखै पोळ या दरवाजापाशी गळ्यात ओळखपत्र अडकवलेला माणूस ‘किले का टिकट और गाइड, आठ सौ’ म्हणत अडवतो. किल्ल्यात शिरायला तिकीट लागतच नाही. रावल जैसलने 1156 मध्ये वसवलेल्या या किल्ल्यात आजही हजारो माणसं राहतात. त्याच दारातून दूधवाले, शाळेची पोरं, भाजीच्या गाड्या जातात. तिकीट आहे ते आतल्या राजवाड्याच्या संग्रहालयाचं आणि जैन मंदिरांत बाहेरच्या पर्यटकांना, तेही त्या त्या खिडकीवर. पटवों की हवेली ही एक नसून पाच हवेल्यांचा समूह आहे, तेव्हा ‘असली हवेली’ म्हणून कुणी दुकानात शिरवलं तर मागे फिरा. आणि दूध विरजतो म्हणून विकला जाणारा, हाबूर गावच्या दगडाचा पेला हजार-दोन हजारांना घेऊ नका. दगड देखणा आहे, त्यात जीवाश्म दिसतात, शोभेला हवा तर दोन-तीन दुकानं फिरून भाव करा. दुकानात दही लावून दाखवतात खरं, पण वाटीत आधी काय होतं ते आपण पाहिलेलं नसतं.

अशा दलालांना तिथे ‘लपके’ म्हणतात. त्यांच्याविरुद्ध राजस्थानात 2010 पासून कायदा आहे, 2021 मध्ये तो आणखी कडक झाला. आम्ही शहरात परतल्यावर हॉटेलवर न जाता आधी पर्यटन खात्याच्या कार्यालयात गेलो. व्हॉट्सॲपचा मजकूर, क्यूआरवरचं खातेदाराचं नाव, कॅम्पचं लोकेशन, सगळं समोर ठेवलं. तिथून एक फोन गेला आणि तासाभरात तोच मालक नऊ हजार घेऊन आला, हात जोडून. गोडावण दाखवणाऱ्या जीपवाल्याचा मात्र पत्ता लागला नाही, कारण त्याचा नंबरच आमच्याकडे नव्हता.

तेव्हा बुकिंग करताना कॅम्पवाल्याकडून लाइव्ह लोकेशन मागा आणि नकाशाच्या उपग्रह-चित्रात बघा. वाळूच्या लाटा तिथे स्पष्ट दिसतात. तंबूपासून टेकडी चालत किती, हा प्रश्न लेखी विचारा. सम नको असेल तर खुरीही आहे, गर्दी कमी. हॉटेलकडून सहल घेण्याची सक्ती झाली तर तिथूनच 1363 लावा, ही पर्यटन मंत्रालयाची हेल्पलाइन चोवीस तास असते. ग्राहक तक्रारीसाठी 1915. जीप घेतलीत तर बसण्याआधी नंबरप्लेटचा फोटो काढा. आणि उंटाचे, गाण्याचे पैसे वेगळे ठरवून त्या माणसाच्या हातात द्या, कॅम्पच्या खात्यात नको.