ज्येष्ठांसाठी स्मार्टफोन वर्ग, डोंबिवली पूर्व: जरूर जा, पण एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवा

आठ दिवस, रोज दीड तास, फी ५०० रुपये. मी ७३ वर्षांचा, पोस्टातून निवृत्त. ही गेली त्याला दीड वर्ष झालं. मुलगा बंगळुरूला असतो. त्याने आणलेला फोन कपाटातच पडून होता.

शिकवणारी मुलगी कॉलेजातली, फार धीराची. माझं बोट लागलं की स्क्रीनवरची चिन्हं थरथरायची, जागा सोडायची. मला वाटायचं फोनच बिघडलाय. तिने माझं बोट धरून दाखवलं, "काका, दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं." शिक्के मारायची सवय असलेला हात, तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी वर्गातूनच नातीला व्हिडिओ कॉल लावला.

सहाव्या दिवशी फसवणुकीचा विषय निघाला. पोलीस असल्याचं भासवून फोनवरच 'डिजिटल अरेस्ट' केलीय म्हणत पैसे उकळतात, तसं कायद्यात काही नाही, पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, हे तिने फळ्यावर लिहून दिलं. आमच्या कट्ट्यावरच्या एका गृहस्थांचे असेच पैसे गेले होते. पैशांपेक्षा त्यांना लाज खात होती. मुलांना सांगितलं नाही, कट्ट्यावर येणं बंद केलं. एकदा मला म्हणाले, "आता जगून कुणाला तोंड दाखवू?" मला काही बोलताच आलं नव्हतं.

असं कोणी म्हणालं तर काय करायचं, हे मी वर्गात विचारलं. वर्गाच्या कागदांत त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. त्या मुलीने दुसऱ्या दिवशी नंबर शोधून आणला: १४४१६, टेलि-मानस, म्हणजे मनाच्या त्रासाबद्दल फोनवर बोलायची हेल्पलाइन. सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू, मराठीत बोलतात. संध्याकाळी त्या गृहस्थांच्या घरी जाऊन नंबर लावून दिला आणि मी गॅलरीत थांबलो. बराच वेळ ते बोलत होते. दोन दिवसांनी त्यांनी स्वतःच आपल्या मुलीला सगळं सांगितलं.

मीही एकदा रात्री अडीचला तो नंबर लावला. फोन हातात आला म्हणजे एकटेपणा गेला असं होत नाही. रात्रभर नुसतं बोट सरकवत बसलं की सकाळी जास्तच रितं वाटतं. हे वर्गात बोललं पाहिजे. आमच्या वयाची माणसं आपणहून सांगत नाहीत, त्यांना विचारावं लागतं. म्हणून १४४१६ पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा.

आणि वर्ग तळमजल्यावर घ्या. दुसरा मजला, लिफ्ट नाही. पुढच्या बॅचला त्या गृहस्थांना आणायचंय, त्यांचे गुडघे दुखतात.