तेरा ते पंधरा वर्षांच्या वाचकासाठी: 'यक्षांची देणगी' की 'वनवास'?

दोन्ही कथासंग्रह, दोन्ही नेहमी सुचवले जाणारे. पण चुकीच्या क्रमाने हाती दिले तर मूल मराठी वाचनच सोडून देतं.

'यक्षांची देणगी'मधल्या जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथांत वाक्यं सरळ आणि प्रत्येक कथेला एक कोडं. इंग्रजी माध्यमातला, देवनागरी सावकाश वाचणारा मुलगाही त्या कोड्यापायी शेवटापर्यंत जातो. अडतं ते पारिभाषिक शब्दांवर. 'कृष्णविवर' म्हणजे ब्लॅक होल, एवढं आधी सांगून ठेवा. पात्रं मात्र मनात फारशी रेंगाळत नाहीत.

प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'चा नायक, शाळकरी लंपन, नेमका उलटा. कथानक थोडं, पण किशोरवयाचा गोंधळ इतका खरा मराठीत क्वचितच सापडतो. बेळगावकडची बोली आणि कानडी शब्द मुंबईच्या मुलांना पहिल्या दहा पानांत थकवतात. म्हणून पहिली चार-पाच पानं मोठ्याने वाचून दाखवा. लय कानात बसली की बोली आपोआप कळते. आवडला तर पुढे 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' याच क्रमाने.

वाचनाची सवय नसेल तर आधी नारळीकर, रोज एकच कथा. गोष्टींत रमणाऱ्याला थेट लंपन द्या. विकत घेण्याआधी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात दोन्ही चाळायला लावा.