शेततळ्याचं काम: ठेकेदार जाणता, पण कडेकडं लक्ष ठेवा

सांगोल्याकडं डाळिंब लावलं की तळं आलंच. आमचं जुनं २० बाय २० मीटर, ३ मीटर खोल; बाजू उताराच्या, म्हणून पावणेनऊ लाख लिटर मावतं. ते वाढवावं की ३० बाय ३०चं नवं खोदावं, यावरून घरात रोज वाद. शेवटी जवळच्या एका ठेकेदाराला बोलावलं. वाटलं, आधी पोकलेनचा भाव सांगेल. तर गडी खोरं घेऊन बांध उकरून बघत बसला. म्हणाला, "दादा, वाढवायचं तर हा भरावाचा बांध मोडावा लागंल, तळं रिकामं करावं लागंल, आणि तळाच्या जुन्या प्लास्टिक कागदाला नवा नीट जुळत नाही. मग डाळिंबाचा बहार, म्हणजे फळं, कोणत्या पाण्यावर धरणार?" पटलं.

नवंच खोदलं. बाजूंना एकास एक उतार (मीटरभर खोलीला मीटरभर आडवा), ५०० मायक्रॉनचा कागद, साधारण बावीस लाख लिटर. वेल्डिंगचे जोड हवा भरून तपासले, हे आवडलं. कागदाची कड पुरायचा कडेचा चर मात्र उथळ घेतला. कागदाची कड वाऱ्यानं उचलली, तेव्हा माणसं परत बोलवावी लागली. कुंपणाचे पैसे वेगळे, तेही आधी बोलला नाही. दोन तळी म्हणजे उन्हाळ्यात वाफही जास्त, हे आमच्या आण्णांनी सांगितलं, त्यानं नाही. तरी पाच पैकी चार. रान कमी असेल, तर त्याच्याकडून वाढवण्याचाही भाव घ्या.