रोमच्या सुट्टीसाठी घेतलेली लेन्स: कॅनन आरएफ १६ मिमी एफ/२.८

नौपाड्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी ड्रॉइंग करते. फोटोत भिंत कललेली दिसली की मला चैन पडत नाही. रोमला जायचं ठरलं आणि वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी लेन्स घ्यायची वेळ आली, तेव्हा माझी मुख्य काळजी हीच होती. म्हणून आधी ही लेन्स दोन दिवस भाड्याने आणली आणि ठाण्याहून अंबरनाथ लोकल पकडून थेट शिवमंदिर गाठलं.

१०६० सालचं हे शिलाहारकालीन मंदिर वाइड लेन्सची खरी परीक्षा घेतं. काळ्या दगडाची भिंत सरळ चालतच नाही, कोनाकोनात पुढे येते, मागे जाते, आणि प्रत्येक कोनावर मूर्ती. कॅमेरा जरासा वर उचलला की सगळे कोपरे आत झुकतात. तोच कमरेच्या उंचीवर सपाट धरला, स्क्रीनवर लेव्हलची रेषा हिरवी होईपर्यंत थांबलं, की भिंत अगदी ओळंब्यात उभी राहते. खाली फरशी जास्त येते, ती नंतर कापायची. तिथेच ही लेन्स घ्यायचं नक्की केलं.

वजन फक्त १६५ ग्रॅम. दिवसभर दगडी रस्त्यांवर चालायचं असताना याचं मोल कळतं. कोलोझियमसारख्या ठिकाणी परवानगीशिवाय ट्रायपॉड चालत नाही, त्यामुळे सगळा भरवसा हातावर आणि एफ/२.८ वर, म्हणजे जास्त प्रकाश आत घेणाऱ्या मोठ्या छिद्रावर. हाताचा कंप सावरणारं स्टॅबिलायझेशन लेन्समध्ये नाही, माझ्या कॅनन आर८ कॅमेऱ्यातही नाही. पण इतक्या वाइडला कोपर पोटाशी दाबून १/३० सेकंदाला फोटो स्थिर येतो.

आणि पँथिऑन, रोममधलं प्राचीन देवालय! दर्शनी पट्टीवर अग्रिप्पाचं नाव कोरलेलं असलं तरी आजची वास्तू सम्राट हेड्रियनच्या काळात, इ. स. १२६ च्या सुमारास पूर्ण झालेली. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून वरच्या गोल झरोक्यापर्यंतची उंचीही तेवढीच. झरोका जवळजवळ ९ मीटर रुंद, उघडा. आयुष्य इमारतींचे सेक्शन, म्हणजे उभे छेद काढण्यात गेलेल्या माणसाने तिथे मान वर करावी आणि बघतच राहावं. कॅमेरा छातीशी धरून लेन्स आभाळाकडे केली, स्क्रीन बाहेर वळवून चौकट जुळवली. घुमटातले खोलगट चौकोन पाच ओळींत आहेत, प्रत्येक ओळीत २८. माझ्या मोठ्या प्रिंटवर झरोक्याजवळची सगळ्यात लहान ओळसुद्धा बोट ठेवून मोजता येते. एक्स्पोजर उन्हाच्या कवडशावर ठरवा. चौकोन काळे दिसतील, दिसू देत. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, सावल्या उजळल्या की कडा बाहेर येतात. मधल्या चौकोनांच्या उतरत्या पायऱ्याही मग स्पष्ट दिसतात.

रॉ उघडताना लेन्सचं करेक्शन प्रोफाइल, म्हणजे वाकडेपणा सुधारणारी सेटिंग, मात्र लावायलाच हवं. या लेन्सची रचनाच सॉफ्टवेअरवर विसंबून आहे, त्याशिवाय सरळ रेषा पोटातून फुगतात. जेपीईजीत हे काम कॅमेराच करतो. हूड बॉक्समध्ये येत नाही, तो वेगळा घ्या. फिल्टरचा आकार ४३ मिमी आहे, नेहमीचे मोठे फिल्टर थेट बसत नाहीत. ४३ मिमीचा फिल्टर निघण्याआधीच घेऊन ठेवा.

बाहेरून फोटो काढायला मी ही लेन्स सुचवणार नाही. पँथिऑनसमोरच्या चौकात देवडीचे खांब अंगावर येतात आणि त्यांच्यामागे घुमट दिसेनासा होतो. कोलोझियमची ४८ मीटरची भिंतही १६ मिमीत दूरवरच्या वाडग्याएवढी होते. तिथे मी कमी वाइड असलेली ३५ मिमी लेन्स लावली. ट्रेजनच्या स्तंभावरची शिल्पं तर गोल फिरत पार वर जातात, त्यांना दूरचं जवळ आणणारी निदान ८५ मिमी हवी. तेवढं बॅगेत मावणार नसेल तर स्तंभ डोळ्यांनीच नीट बघा आणि १६ मिमी आतल्या दालनांसाठी ठेवा.