एसीतून पाणी गळतंय? गॅस भरण्याआधी ड्रेन पाईप बघायला लावा

यंदा जूनमध्ये माझे बावीस हजार आठशे रुपये गेले. दुसऱ्या कुणाचे तरी वाचावेत म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो, इमारत जुनी. बेडरूममधला दीड टनाचा एसी मे महिन्यापासून ठिबकत होता. खाली बादली ठेवून मी दिवस ढकलले. पण निम्मं पाणी बादलीत पडतच नव्हतं, ते भिंतीवरून कपाटामागे उतरत होतं. मुंबईच्या दमट हवेत असा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो, हे मला नंतर कळलं. एका लग्नाला जायचं म्हणून कपाट उघडलं, तर कुबट वास. आईच्या पैठणीच्या घडीवर मोहरीएवढे काळे ठिपके. कपाट सरकवलं, तर मागे छातीच्या उंचीपर्यंत काळी-हिरवी बुरशी. सासूबाईंना दमा आहे आणि त्या त्याच खोलीत झोपतात. माझे हातपायच गळाले.

घाईघाईत नेटवर कंपनीचं नाव टाकलं आणि कस्टमर केअर म्हणून जो नंबर वर दिसला तो लावला. तो कंपनीचा नव्हताच. खरा नंबर वॉरंटी कार्डावर होता, तो मी शोधला नाही.

दोघं आले. एकजण खिडकीतून बाहेरच्या युनिटकडे वाकला, पाठ माझ्याकडे. मग गेज (गॅसचा दाब दाखवणारं मीटर) दाखवून म्हणाला, "ताई, काटा बघा, गॅस उतरलाय. म्हणून पाणी येतंय." यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच माणूस फसतो. गॅस कमी झाला की एसीच्या आतल्या थंड नळ्यांवर, म्हणजे कॉइलवर, बर्फ धरतो आणि तो वितळून पाणी गळतं. पण मग गारवाही कमी होतो. आमची खोली व्यवस्थित गार होत होती. एवढं एक मी बोलायला हवं होतं. गॅसचे ४,८०० दिले.

मग त्यांची नजर भिंतीवर गेली. "ही काळी बुरशी विषारी असते, आजींच्या छातीत जाईल." सासूबाईंच्या समोर बोलले हे. 'अँटीफंगल ट्रीटमेंट' म्हणून १८,००० सांगितले, तेही कुणा तिसऱ्याच्याच यूपीआयवर. मी पाठवले. त्यांनी ओल्या भिंतीवर पुट्टी ओढली, वर पांढरा रंग मारला आणि गेले. तीन आठवड्यांत पुट्टीला पोपडे आले, त्याखालून काळे डाग पुन्हा वर. एसी ठिबकतच होता. नंबर बंद.

शेवटी शेजारच्या काकांनी त्यांचा नेहमीचा मेकॅनिक पाठवला. त्यानं गेजला हातही लावला नाही. ड्रेन पाईपला ब्लोअर लावला आणि बोटभर लांबीचा चिकट, शेवाळलेला गाळ बाहेर पडला. पाईप मध्येच वर उचललेला होता, त्याला उतार दिला, फिल्टर धुतले. सहाशे रुपये. त्या दोघांची गेजची युक्ती त्यानंच समजावली: एसी चालू असताना बारीक पाईपचा व्हॉल्व्ह ॲलन कीनं थोडा आवळला, की काटा आपोआप खाली येतो. गॅस बंद नळीत फिरतो, तो वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर गळती कुठे आहे ते आधी दाखवायला सांगा, आणि भरताना सिलिंडर वजनकाट्यावर ठेवायला लावा. किती ग्रॅम लागतो ते युनिटच्या पट्टीवर छापलेलं असतं.

पैसे ऑनलाईन गेले असतील तर त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन करा, म्हणजे समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येऊ शकते. मी पाच आठवड्यांनी केला, तोवर खातं रिकामं. ग्राहक हेल्पलाईन १९१५ वरही तक्रार नोंदवली आहे, पण त्या दोघांनी दिलेल्या कागदावर ना पत्ता, ना जीएसटी क्रमांक.

पुट्टी आम्ही मास्क लावून, पाणी मारून खरवडली. कोरडी खरवडली असती तर बुरशीची धूळ घरभर झाली असती. सासूबाईंना तेवढे दिवस नणंदेकडे ठेवलं. कपाट आता भिंतीपासून वीतभर पुढे आहे. नवा रंग दिवाळीच्या आधी देऊ, भिंत पूर्ण वाळल्यावरच.